टेलिफोनच्या पलीकडचा माणूस

प्रिय ‘भूतकाळात अडकलेली’,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून वीस मिनिटांची एक विज्ञान-विनोदी फिल्म लिहिताय. ‘बॅक टू द फ्युचर’ हा काळप्रवासाचा हॉलिवूड सिनेमा दोघांचाही जीव की प्राण. तुमची नायिका भूतकाळात जाते आणि एका संगीतकाराला त्याचंच, त्याला अजून न सुचलेलं गाणं वाजवून दाखवते. त्यासाठी तुम्ही सिनेमातलंच ‘जॉनी बी. गूड’ घेतलंय. मित्र म्हणतो, कथेत ते गाणं जन्मलेलंच नाही, मग परवानगी कोणाकडे मागायची? शिवाय ते भूत-भविष्याच्या चक्रात फिरतंय, त्याला मालकच नाही. टाइम मशीन म्हणून त्या सिनेमातल्यासारखीच गाडी हवी आहे. तुमच्या आधीच्या फिल्ममधला नट आता तुमच्याबरोबर नाही, तर त्याचा चेहरा एआयने दुसऱ्या नटावर बसवू, असंही मित्राचं म्हणणं. तुम्ही अस्वस्थ आहात, पण नक्की कशाने ते कळत नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे: ‘खरं सांगायचं तर ही कल्पना पहिल्यांदा माझी होती.’

मला वाटतं तुमचं पत्र खरं तर त्या वाक्यापासून सुरू होतं. तिथे येतेच. आधी गाणं.

सिनेमातला तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. १२ नोव्हेंबर १९५५ ची रात्र, शाळेतला नाच. बँडमधल्या मार्व्हिन बेरीचा हात गाडीची डिकी उघडताना कापलाय, म्हणून १९८५ मधून आलेला नायक मार्टी गिटार गळ्यात अडकवतो. बँडला पट्टी सांगतो, बदल कुठे येतात ते माझ्याकडे बघून पकडा म्हणतो आणि सुरू होतो. बघता बघता सगळा हॉल नाचायला लागतो. मागे मार्व्हिन फोन लावतो, चुलतभाऊ चकला, म्हणजे हे गाणं खरोखर रचणाऱ्या गायक-गिटारवादक चक बेरीला. तू नवा बाज शोधत होतास ना, मग हे ऐक, असं म्हणून तो रिसीव्हर स्टेजच्या दिशेने धरतो. फोनच्या पलीकडे काय झालं ते आपल्याला दाखवत नाहीत. कोणी काही बोललेलंही ऐकू येत नाही.

तुमच्या मित्राचा युक्तिवाद असा: मार्टी ते गाणं चक बेरीच्या रेकॉर्डवरून शिकला, चक ते मार्टीकडून फोनवर ऐकून शिकला, म्हणजे रचलं कोणीच नाही. कोडं छान आहे, पण हा सिनेमा तसा चालत नाही. यात काळ बदलता येतो. मार्टीच्या खिशातल्या फोटोतली भावंडं एकेक करून पुसली जातात, परत आल्यावर त्याला आईवडील वेगळेच भेटतात. याचा अर्थ एक पहिला काळ होता, ज्यात मार्टी १९५५ मध्ये गेलेलाच नव्हता. त्या काळात चकने गाणं स्वतः रचलं, १९५८ साली त्याची रेकॉर्ड निघाली आणि पुढे कधीतरी ती मार्टीच्या कानावर पडली. मार्टी हा फक्त निरोप्या आहे. निरोप पोचवणारा कितीही सुंदर गिटार वाजवत असला तरी पत्र त्याचं होत नाही.

कायद्याच्या लोकांनाही अशा कोड्यांचं वावडं नाही. १९३६ साली एका सिनेमावरच्या खटल्यात अमेरिकेचे न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी जवळजवळ हेच लिहून ठेवलंय. इंग्रजी कवी कीट्सची कविता कधीच न वाचलेल्या माणसाने, समजा काही जादूने, तीच कविता शब्दशः नव्याने रचली, तर तोही तिचा कर्ता ठरेल. त्याच्या प्रतीची नक्कल इतरांना करता येणार नाही, कीट्सची मात्र खुशाल करता येईल. कॉपीराइटमध्ये बघतात ते इतकंच, की हे तुमच्यातून आलं की कुठून उतरवून घेतलं. जगात असं दुसरं काही आहे की नाही, हा प्रश्न पेटंटमध्ये येतो, इथे नाही. मार्टीने उतरवून घेतलं होतं, त्यामुळे तो कर्ता नाही. चकने पहिल्या काळात स्वतः रचलं, म्हणून तो कर्ता आहे.

खरंखुरं बंद चक्र असतं, ज्यात कोणीच कधी काही सुचवलेलं नाही, तर मात्र त्या गाण्याला कर्ता नाही आणि कर्ता नाही म्हणून कॉपीराइटही नाही. हे आता निव्वळ कोडं राहिलेलं नाही. यंत्राने आपणहून काढलेल्या चित्राचा कर्ता म्हणून यंत्राचं नाव लावता येईल का, हा खटला अमेरिकेत अपील कोर्टापर्यंत गेला आणि मार्च २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की कर्ता माणूसच हवा.

पण तुमच्या मित्राची मोठी चूक वेगळीच आहे. कथेतलं साल कायद्याला दिसत नाही. तुमची नायिका १९५५ मध्ये असो नाहीतर अश्मयुगात, कॅमेरा आज चालू होणार आहे. आज ते गाणं अस्तित्वात आहे आणि त्याला मालक आहेत, अनेकवचनी. कारण एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरी ती विशिष्ट रेकॉर्ड, म्हणजे त्या दिवशी त्या स्टुडिओत गायलेलं-वाजवलेलं. मूळ रेकॉर्ड फिल्मला जोडायची तर दोन्हींची परवानगी लागते. तुम्ही स्वतः गाऊन-वाजवून घेतलंत तर रेकॉर्डच्या परवानगीचा प्रश्न मिटतो, रचनेचा तसाच राहतो. त्या सिनेमातही हेच केलं होतं. आवाज मार्क कॅम्पबेलचा, गिटार टिम मेची, मार्टी झालेल्या मायकेल जे. फॉक्सने त्यावर अभिनय केला. गाण्याचा लेखक म्हणून नाव मात्र चक बेरीचंच.

मुदत संपलीय का, असं तुम्ही विचाराल. नाही संपली. चक बेरी २०१७ मध्ये गेले. जिथे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे, जसं भारतात, तिथे २०७७ संपेपर्यंत. जिथे ७० वर्षं, जसं युरोपीय संघात, तिथे २०८७ पर्यंत. अमेरिकेत १९५८ साली प्रकाशित होऊन वेळेत नूतनीकरण झालेल्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०५३ संपेपर्यंत. गाणं एकच, मुदती तीन. आणि इंटरनेटवर टाकलेली फिल्म तिन्ही ठिकाणी दिसते.

आणखी एक समज घट्ट रुतून बसलाय तो उपटून टाकते, कारण विनोदी फिल्म करणारे बरेचजण त्यात फसतात: ‘विनोद आहे, म्हणजे विडंबन आहे, म्हणजे चालतं.’ असं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका रॅप गटाच्या बाजूने विडंबनाला मोठी मोकळीक दिली, हे खरं. पण त्यामागचा विचार असा होता की विडंबन मूळ गाण्यावरच काही बोलतं, त्याची खोड काढतं, म्हणून त्याला मूळ गाण्यातलं काही उचलावंच लागतं. तुमची नायिका तर ते गाणं प्रेमाने, जसंच्या तसं वाजवते. विनोद गाण्यावर नाही, प्रसंगावर आहे. तिथे दुसरंही गाणं चाललं असतं, आणि दुसरं चाललं असतं म्हणूनच विडंबनाची ढाल कामी येत नाही. फिल्म फुकट दाखवणार असलात तरी उत्तर फारसं बदलत नाही.

आता मला जे सांगायचंच आहे त्याकडे वळते.

सिनेमातली तारीख पुन्हा बघा: नोव्हेंबर १९५५. फोनवर मार्व्हिन म्हणतो की चक नवा बाज शोधतोय. प्रत्यक्षात चक बेरीला तो तोवर सापडलेला होता. त्यांची पहिली रेकॉर्ड ‘मेबलीन’ त्याच वर्षी जुलैमध्ये बाजारात आली आणि रिदम अँड ब्लूज या संगीतप्रकाराच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. पडद्यावरचा नाच चालू असताना खरा चक बेरी अख्ख्या अमेरिकेला ठाऊक होत होता. मात्र त्या गाण्याच्या कर्त्यांमध्ये तीन नावं होती. बेरींच्या बरोबर ॲलन फ्रीड या रेडिओ निवेदकाचं आणि रस फ्राटो या रेकॉर्ड कंपनीच्या ओळखीतल्या माणसाचं. गाणं रचताना हे दोघे तिथे नव्हते. फ्रीडने ते गाणं रेडिओवर पुन्हा पुन्हा वाजवावं म्हणून त्याला वाटा दिला गेला, असं आज सगळे मानतात. आपल्या गाण्याला आणखी दोन कर्ते आहेत हे बेरींना रेकॉर्ड निघाल्यानंतर कळलं. पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ साल उजाडलं. एकतीस वर्षं. सिनेमा आला १९८५ मध्ये. म्हणजे एका गोऱ्या मुलाने चक बेरीला रॉक अँड रोल ऐकवलं, हा प्रसंग बघून थिएटरात लोक हसत होते, तेव्हा स्वतःच्या पहिल्या गाण्यावरचं बेरींचं नाव अजून पुरतं सुटलेलं नव्हतं.

मला तो सिनेमा आवडतो. तो प्रसंग मी अजूनही आनंदाने बघते, आणि ज्यांनी लिहिला त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. पण हे कळल्यापासून माझी नजर मार्टीच्या गिटारवर ठरत नाही. ती त्या रिसीव्हरवर जाते.

आणि बेरींकडूनही कोणाचंतरी देणं राहिलं होतं. ‘जॉनी बी. गूड’ची ती सुरुवातीची, ऐकताच ओळखू येणारी गिटार गायक लुई जॉर्डनच्या १९४६ मधल्या एका गाण्यात जवळजवळ तशीच आहे, कार्ल होगन या वादकाची. बेरींनी हे कधी लपवलं नाही, होगनचं ऋण उघडपणे मानलं. पुढे जॉनी जॉन्सन या त्यांच्या वर्षानुवर्षांच्या पियानोवादकाने २००० साली दावा लावला, की डझनावारी गाण्यांच्या रचनेत माझाही हात होता, मला सहकर्ता माना. २००२ मध्ये कोर्टाने दावा काढून टाकला, कारण उशीर झाला होता. अमेरिकेत अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत, आणि इथे मधे दशकं उलटून गेलेली. जॉन्सनने खरोखर किती रचलं होतं, या प्रश्नाचा निवाडा झालाच नाही. पियानोशेजारी बसून दोघांनी काय ठरवलं होतं, याचा कागद नव्हता.

या सगळ्यात काळाचं चक्र कुठेच नाही. एक नाव जास्त लिहिलं गेलं, एक नाव लिहिलंच गेलं नाही, एवढंच. म्हणून तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं.

तिथे जाण्याआधी गाडी उरकते. काळप्रवासाची कल्पना कोणाचीच नाही. ती एच. जी. वेल्स या इंग्रजी लेखकाच्या १८९५ च्या कादंबरीत आहे आणि त्याही आधीच्या कथांत आहे. विस्कटलेल्या केसांचा शास्त्रज्ञ, चुकीच्या सालात पोचणं, आपल्याच तरुण आईवडिलांशी गाठ पडणं, हे सगळं वापरायला मोकळं आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलेली कसोटी मला फार शहाणी वाटते: दोन्ही कृती पाहिल्यावर सामान्य प्रेक्षकाच्या मनावर असा ठसा उमटतो का, की ही त्याचीच नक्कल आहे? त्या प्रश्नाला तोंड द्या. नाचाचा हॉल, जखमी वादक, गिटार, फोन आणि तशीच चंदेरी गाडी, हे सगळं एकत्र ठेवलंत तर उत्तर काय येईल ते तुम्हालाही ठाऊक आहे.

गाडीचं म्हणाल, तर तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांची रांगच आहे. मूळ गाडी डीलोरियन कंपनीची, तिचा कारखाना १९८२ मध्येच बंद पडला. १९८९ मध्ये कंपनीचे संस्थापक जॉन डीलोरियन यांनी सिनेमाच्या स्टुडिओशी करार केला, की या गाडीच्या चित्राची खेळणी आणि वस्तू विकल्या गेल्या तर मला त्यात टक्केवारी मिळावी. त्यांच्या मृत्यूनंतर कुटुंब एकीकडे आणि पुढे त्याच नावाने धंदा करणारी टेक्सासची कंपनी दुसरीकडे, असे खटले चालले. २०१५ मध्ये तडजोड झाली. नंतर कुटुंबाला कळलं की रॉयल्टी त्या कंपनीकडे जातेय. पुन्हा कोर्टात गेले तर उत्तर आलं की तडजोडीच्या कागदात तुम्ही तो हक्क सोडलाय. शिवाय गाडीवर चढवलेली ती सगळी यंत्रं सिनेमाची. आणि अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने २०१५ मध्ये बॅटमॅनच्या गाडीला चक्क पात्र मानून कॉपीराइट दिलाय. तुम्ही दुसरं काहीतरी काळप्रवासी करा. वॉशिंग मशीन चालेल, जिना चालेल, जुनी लिफ्ट चालेल. माझं विचाराल तर लिफ्ट: दोन मजल्यांच्या मधे अडकायची सोय आहे.

तुम्ही तळटीपेत विचारलंत, की फिल्ममध्ये दाखवलेल्या नवलाईच्या यंत्राचं पुढे कोणी पेटंट घेतलं तर? घेऊ शकतो, बहुतेकदा. ‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या भागातले आपोआप नाड्या आवळणारे बूट १९८९ मध्ये जगाने पाहिले, तरी नाइकेने २००९ मध्ये अशा बुटांच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावर परिणाम दिसतो; पेटंट मिळतं ते आतलं यंत्र कसं चालतं याला. वस्तूचा निव्वळ आकार-रूप असेल तर मात्र सिनेमाकडे बोट दाखवलं जातं. २०११ मध्ये ॲपलशी भांडताना सॅमसंगने १९६८ च्या एका अंतराळपटातलं दृश्य कोर्टापुढे ठेवलं होतं, ज्यात दोघे जेवता जेवता चपट्या पाटीवर बातम्या बघतात.

आता चेहरा. इथे मी सल्ला देत नाही, विनंती करते: करू नका.

याच सिनेमाच्या दुसऱ्या भागात हे घडलेलं आहे, एआयच्या कितीतरी आधी. पहिल्या भागात मार्टीच्या वडिलांचं काम क्रिस्पिन ग्लोव्हर यांनी केलं होतं. दुसऱ्या भागासाठी त्यांची बोलणी फिसकटली. मग काय केलं? पहिल्या भागात त्यांना म्हातारं दाखवण्यासाठी चेहऱ्याचे साचे घेतलेले होते. नटाने डोळे मिटून, श्वास रोखून बसायचं आणि चेहऱ्यावर लगदा सुकू द्यायचा, तसे. त्याच साच्यांवरून ग्लोव्हरच्या चेहऱ्याचे तुकडे बनवून दुसऱ्या नटाच्या, जेफ्री वाइसमन यांच्या चेहऱ्यावर चिकटवले. एका प्रसंगात तर ते पात्र पाठदुखीच्या उपचारासाठी म्हणून उलटं टांगलेलं दाखवलं, म्हणजे चेहऱ्यातला फरक कळू नये. मधेमधे पहिल्या भागातले खऱ्या ग्लोव्हरचे तुकडेही जोडले. लोकांना वाटलं, तोच नट आहे.

ग्लोव्हर कोर्टात गेले. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, त्यामुळे निकाल नाही, पण त्यानंतर नटांच्या संघटनेने अशा प्रकाराविरुद्ध नियम केले. ग्लोव्हर यांची तक्रार मला अगदी साधी वाटते: मी नाही म्हणालो होतो. साचा दिला तो एका कामासाठी. त्या कामासाठी दिलेला होकार पुढच्या कामाला आपोआप लागू होत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नटांनी ११८ दिवस संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता, यंत्राने बनवलेली प्रतिकृती आणि तिच्यासाठी संमती. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा, इतकंच काय त्यांच्या खास लकबीतलं ‘झकास’सुद्धा परवानगीवाचून वापरायला मनाई केली. शब्द आपल्या भाषेचा आहे, तो कोणी आपल्या तोंडून काढून घेत नाही. पण त्यांच्या आवाजात, त्यांच्या चेहऱ्याने तो विकायचा असेल तर त्यांना विचारावं लागतं.

तुमचा नट प्रसिद्ध नाही, म्हणून त्याला हक्क नाही असं समजू नका. कायदा देशोदेशी वेगळा आहे, काही ठिकाणी अजून ढिला आहे, आणि छोट्या फिल्मवर कोणी दावा लावणार नाही, हेही शक्य आहे. तरी करू नका. तुमच्याकडे त्याचं जुनं चित्रीकरण आहे कारण त्याने विश्वासाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून ते दिलं. त्याला फोन करा. तो हो म्हणाला तर कोणतं दृश्य, किती सेकंद, कुठे दाखवणार, नंतर ती फाइल पुसणार की नाही, हे लिहून त्याची सही घ्या. नाही म्हणाला तर भूमिका दुसऱ्याला द्या आणि चेहरा त्याचाच राहू द्या. काळप्रवासाच्या कथेत एखाद्याचा चेहरा बदलला तर त्याचं कारण पटकथेत सापडायला अवघड नाही.

आणि आता ते वाक्य.

कल्पना पहिल्यांदा तुमची होती, हे मी मान्य करते. पण कायद्याच्या भाषेत नुसत्या कल्पनेची मालकी कोणाचीच नसते. एखाद्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, ‘संगीतकाराला त्याचंच गाणं आधी ऐकवलं तर?’, एवढ्याने पटकथा तुमची होत नाही. मित्राने त्यावर प्रसंग लिहिले, तुम्ही संवाद लिहिले, एकमेकांच्या ओळी खोडल्या, तर ती दोघांची आहे. दोघांची म्हणजे काय, हेही सगळीकडे सारखं नाही. अमेरिकेत एक सहलेखक दुसऱ्याला न विचारताही, ‘फक्त तुलाच’ असा हक्क न देता, कृती वापरायला देऊ शकतो, फक्त पैशांचा वाटा द्यावा लागतो. भारतात साधारणपणे दोघांची संमती लागते. म्हणून आपसात काय ठरलं ते लिहिलेलं बरं.

माझ्याकडे एकदा अशीच एक जोडी आली होती, दोघं बालमित्र. भांडण पैशांवरून नव्हतं, पैसा मिळालाच नव्हता. पोस्टरवर ‘कथा’ या शब्दापुढे एकच नाव होतं. ज्याचं नव्हतं तो मला म्हणाला, मला ते छापून आल्यावर दिसलं. दुसरा म्हणाला, तू काही बोलला नाहीस, मला वाटलं तुला चालतंय. दोघंही खरं बोलत होते. चार महिने आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं.

तुमच्या मनात जे खुपतंय ते हेच असावं असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. मित्र वाईट आहे असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. तो उत्साही आहे, आणि त्याच्या प्रत्येक युक्तिवादात एक माणूस गळतो: गाण्याचा कर्ता, गाडीवाला, नट. आता पाळी आपली, अशी तुम्हाला भीती वाटतेय. ती त्याला सांगा, याच शब्दांत. वकिलाच्या भाषेत नको.

मग एक कागद घ्या. वर फिल्मचं नाव, तारीख. खाली: मूळ कल्पना कोणाची, कथा कोणाची, पटकथा-संवाद कोणाचे, आणि ही नावं श्रेयनामावलीत कोणत्या क्रमाने येतील. ‘मूळ कल्पना’ असं वेगळं श्रेय देता येतं. कायदा देत नसला तरी करार देऊ शकतो, आणि तुम्हाला ते हवंय. लाजू नका. पैसे आले तर वाटणी किती, एकाला फिल्म पुढे वाढवायची असेल आणि दुसऱ्याला नसेल तर काय करायचं, हे दोन ओळींत. आतापर्यंतच्या मसुद्यांच्या फाइली तारखांसकट जपून ठेवा, निरोपांची देवाणघेवाण पुसू नका. दोघांच्या सह्या, एकेक प्रत प्रत्येकाकडे. संगीत करणारा येईल तेव्हा त्याच्याशीही असाच कागद, पहिला सूर लागण्याआधी. फिल्म मोठी होऊ लागली तर मग वकिलाकडे जा. तोवर हा कागद पुरे.

संगीत करणारा म्हणाले, कारण ‘जॉनी बी. गूड’ सोडा आणि नवं गाणं करून घ्या. पटकथेलाही ते सोयीचं पडेल. पहिल्याच मिनिटात ते गाणं जुनं म्हणून ऐकवा, रेडिओवर, खरखरत, आईच्या गुणगुणण्यात. प्रेक्षकाच्या कानात ते मुरलं की नायिका भूतकाळात ते वाजवेल तेव्हा त्याला ओळखीचं वाटेल, आणि परवानगीसाठी कोणाचं दार ठोठवावं लागणार नाही.

तुम्ही विचारलंत, तुमच्या फिल्ममध्ये तो संगीतकार गाणं ऐकल्यावर काय म्हणेल हे सुचत नाही. मी असते तर कॅमेरा नायिकेवर ठेवला नसता. फोनच्या त्या टोकाला, त्याच्या खोलीत ठेवला असता. तो रिसीव्हर कानाला लावून ऐकतोय, आणि समोरच्या टेबलावर त्याच्याच हातचा कागद आहे, त्याच चालीच्या पहिल्या दोन ओळी लिहिलेल्या, शाई अजून ओली.